विधानसभेचा उमेदवार पारखायचा कसा? इंदूरच्या मराठी मतदारासाठी, पायरीपायरीनं

२०१८ साली मी एका उमेदवाराला मत दिलं, कारण आमच्या गल्लीतलं तुंबलेलं चेंबर त्यानं दोन तासांत साफ करवून दिलं होतं. पाच वर्षांनी भोपाळच्या सभागृहातली त्याची कामगिरी शोधायला बसलो, तेव्हा हाती फार काही लागलं नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. मी निगमचं, म्हणजे महापालिकेचं, काम पाहून विधानसभेचा माणूस निवडला होता.

ही चूक आपल्याकडे घरोघरी होते. गणपतीच्या आरतीला आला म्हणून चांगला, आडनाव आपलं म्हणून चांगला, 'कसं काय काकू' एवढं मराठीत म्हणाला म्हणून तर फारच चांगला! खाली दिलेला क्रम आमच्या सात-आठ जणांच्या गटानं २०२३ च्या निवडणुकीत वापरला. अडखळत वापरला, म्हणून कुठे अडखळलो तेही सांगतो.

टप्पा १: आधी पद ओळखा, मग माणूस

एक कोरा कागद घ्या. तुमच्या ज्या तक्रारी असतील त्या सगळ्या लिहा. मग प्रत्येकीसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: निगम, राज्य, केंद्र.

नळाला पाणी, कचरा, पथदिवे, ड्रेनेज ही कामं निगमची. तिथं आपले ८५ वॉर्ड आणि तेवढेच पार्षद, म्हणजे नगरसेवक, आहेत. पोलीस, सरकारी शाळा, एमवाय हॉस्पिटल, जमिनीची नोंदणी, मास्टर प्लॅनची मंजुरी हे राज्याचं. रेल्वे आणि आयकर केंद्राचा. काही गोष्टी मिसळलेल्या असतात, मेट्रो त्यातलीच एक. पण बीआरटीएस (बससाठीची वेगळी मार्गिका) ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न एकट्या पार्षदाच्या हातचा कधीच नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं.

विधायकाचं, म्हणजे आमदाराचं, काम कुठलं? राज्याचे कायदे करणं, राज्याचं बजेट मंजूर करणं, मंत्र्यांना प्रश्न विचारणं, समित्यांत बसून कागद तपासणं. निगम ज्या कायद्यानं चालते तो कायदासुद्धा भोपाळलाच होतो. म्हणून चेंबरचं काम विधायकाकडे नेऊच नये असं नाही, फक्त त्यावरून त्याला मार्क देऊ नयेत.

इंदूर जिल्ह्यात विधानसभेच्या ९ जागा आहेत: इंदूर-१ ते इंदूर-५, देपालपूर, महू, राऊ आणि सांवेर. यातली महू लोकसभेसाठी धार मतदारसंघात जाते. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन मतदारसंघांत असू शकतात, तेव्हा शेजाऱ्याचं ऐकू नका. मतदार ओळखपत्रावरचा नंबर टाकून आपला मतदारसंघ स्वतः पाहा.

> सावध: आपल्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईच्या मराठी बातम्या पाहतात आणि तिथलं गणित इथं लावतात. महाराष्ट्रात विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहं आहेत. मध्य प्रदेशात विधान परिषद नाही, २३० जागांची एकच विधानसभा आहे. तिथं ज्याला लक्षवेधी म्हणतात त्याला इथं ध्यानाकर्षण म्हणतात. कामकाज शोधताना हे शब्द लागतील.

टप्पा २: तारखा आधी भिंतीवर लावा

२०२३ चं वेळापत्रक बघा. अर्जाची शेवटची तारीख ३० ऑक्टोबर, छाननी ३१ ला, माघार २ नोव्हेंबरपर्यंत, मतदान १७ नोव्हेंबरला. म्हणजे अंतिम यादी लागल्यापासून हातात पंधरा दिवस, आणि मध्ये १२ तारखेला लक्ष्मीपूजन. चकल्या तळायच्या की शपथपत्र वाचायची? आमच्या गटातल्या दोघी पहिल्याच बैठकीनंतर फराळाला लागल्या, त्या थेट भाऊबीजेनंतर परत आल्या.

यावर उपाय एकच. जे काम उमेदवार ठरण्याआधी होऊ शकतं ते आधी उरका. सध्याच्या विधायकाची सभागृहातली कामगिरी (टप्पा ६) आणि त्याचं मागचं शपथपत्र हे दोन्ही वर्षभर आधीसुद्धा पाहता येतं. पुढची विधानसभा निवडणूक २०२८ च्या अखेरीस अपेक्षित आहे. यादी लागल्यावर फक्त नवं शपथपत्र आणि नवे चेहरे उरले पाहिजेत.

टप्पा ३: कायद्याची चाळणी, आणि तिची भोकं केवढी मोठी

इथं वेळ घालवू नका. उमेदवार भारताचा नागरिक हवा, वय किमान २५ हवं आणि मध्य प्रदेशातल्या कुठल्याही एका विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. 'कुठल्याही' हा शब्द लक्षात ठेवा. इंदूर-४ मध्ये राहणारा माणूस सांवेरहून उभा राहू शकतो, अर्थात सांवेर राखीव असल्यामुळे तो अनुसूचित जातीचा असला पाहिजे. 'बाहेरचा' ही कायद्याची हरकत होत नाही. सुमित्रा महाजन माहेरच्या चिपळूणच्या, आणि इंदूरनं त्यांना आठ वेळा लोकसभेत पाठवलं.

शिक्षणाची अट नाही. खटला चालू असला तरी उभं राहता येतं. बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली तरच माणूस अपात्र ठरतो, आणि ती अपात्रता सुटकेनंतर आणखी सहा वर्षं टिकते.

> सावध: 'रिटर्निंग ऑफिसरनं (निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं) अर्ज मंजूर केला, म्हणजे माहिती खरीच असणार.' असं अजिबात नाही! छाननीत अर्ज नियमानुसार भरला आहे का, रकाने मोकळे तर नाहीत ना, हे बघतात. जमिनीची किंमत खरी की खोटी याचा तपास तिथं होत नाही. खोटं शपथपत्र दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, पण आधी ते खोटं आहे हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं.

टप्पा ४: शपथपत्र वाचा, आणि जुनं शेजारी ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

प्रत्येक उमेदवाराला फॉर्म २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं आणि रिटर्निंग ऑफिसरच्या कार्यालयातल्या फलकावरही लावतात. कागद हिंदीत असतो, बरेचदा तिरका स्कॅन केलेला, त्यामुळे मोबाइलवर वाचायचा प्रयत्न करू नका. छापून घ्या. आम्ही जेल रोडवर एका झेरॉक्सवाल्याकडून तीन उमेदवारांचे छापून घेतले आणि रामबागेत एकाच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरले.

पहिल्याच संध्याकाळी आमची फजिती झाली. तासभर आम्ही ज्या कागदावर डोकं फोडलं तो उमेदवाराचा शेवटचा कागद नव्हताच. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत भरता येतात, आणि शपथपत्रही एकाहून जास्त असू शकतात. म्हणून आधी प्रत्येकावरची तारीख पाहा आणि सगळ्यात अलीकडचं घ्या. जुनं मात्र फेकू नका, दोहोंत फरक का पडला हाही एक प्रश्नच आहे.

वाचण्याचा क्रम असा ठेवा.

१. उत्पन्न. मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणातलं उत्पन्न दिलेलं असतं, पती किंवा पत्नीचंही. पाचही आकड्यांची बेरीज कडेला पेन्सिलनं लिहा.

२. स्थावर मालमत्ता. प्रत्येक जमिनीसमोर क्षेत्रफळ, वारसाहक्कानं की स्वतः घेतलेली, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची अंदाजे किंमत असे रकाने असतात. वर्तमानपत्रात येते ती फक्त शेवटची बेरीज.

३. कर्ज आणि सरकारी देणी. वीज, पाणी, संपत्तीकर, आयकर, सगळी थकबाकी इथं दिसते. 'कर कमी करू' म्हणणाऱ्यानं स्वतःचा संपत्तीकर भरला आहे का, ते या एका ओळीत कळतं.

४. व्यवसाय आणि सरकारी ठेके. 'समाजसेवा' एवढंच लिहिलेलं असेल आणि उत्पन्न भरघोस असेल, तर पेन्सिलनं गोल करा.

आता मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ लावा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मागच्या वेळी स्थावर अडीच कोटींचं होतं, आता चार कोटींचं. बातमीचा मथळा तयारच असतो: 'पाच वर्षांत दीड कोटींची वाढ!' पण ओळी लावल्यावर दिसतं की त्याच जुन्या जमिनींची किंमत ३ कोटी ४० लाख झाली आहे. म्हणजे ९० लाख हे नुसते बाजारभाव चढल्यामुळे. सुपर कॉरिडॉरच्या आसपास ज्याची आजोबांची शेती असेल, त्याचं असंच होणार. नवीन आहे तो एकच प्लॉट, ६० लाखांचा. पाच वर्षांचं नवरा-बायकोचं उत्पन्न ४५ लाख आणि नवं कर्ज ३० लाख. हिशेब लागतो, विषय संपला. पण उत्पन्न १८ लाख, कर्ज शून्य आणि प्लॉट ६० लाखांचा असता, तर 'हे पैसे कुठून आले?' हा प्रश्न टप्पा ७ साठी लिहून ठेवायचा.

श्रीमंत असणं हा दोष नाही, गरीब असणं हा गुण नाही. हिशेब लागतो की नाही, इतकंच बघा.

> तपासा: एकही रकाना मोकळा नको. 'निरंक', 'लागू नाही' किंवा 'माहीत नाही' यातलं काहीतरी लिहिलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आहे. 'माहीत नाही' किती ठिकाणी आहे, ते मोजा.

टप्पा ५: खटले मोजू नका, वाचा

'त्याच्यावर नऊ केसेस आहेत' हे वाक्य अपुरं आहे. आंदोलन करणाऱ्या माणसावर रस्ता रोको आणि आदेशभंगाचे नऊ गुन्हे असू शकतात, आणि दुसऱ्यावर एकच असेल, पण तो बनावट रजिस्ट्रीचा. मला विचाराल तर दुसरा जास्त घाबरवतो.

तीन गोष्टी बघा: कलम, टप्पा, आणि साल. जुन्या खटल्यांत भारतीय दंड संहितेची कलमं दिसतील, १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेची, त्यामुळे नंबर पाहून गोंधळू नका. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४) आहे, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, सरकारी आदेश मोडण्याचं १८८ आता २२३. टप्पा म्हणजे नुसती एफआयआर आहे, की न्यायालयानं आरोप निश्चित केले आहेत, की शिक्षा होऊन अपील चालू आहे. या तिन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

खटले असलेल्या उमेदवाराला ते वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावे लागतात. पक्षालाही ते जाहीर करावे लागतात, आणि शिवाय बिनखटल्याचा दुसरा माणूस का नाही मिळाला याचं कारण द्यावं लागतं. 'निवडून येण्याची शक्यता' एवढंच कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये बजावलं आहे. २०२३ मध्ये या जाहिराती साड्या आणि टीव्हीच्या दिवाळी ऑफरच्या गर्दीत बारीक अक्षरात येऊन गेल्या. आमच्या गटात पेपर वाचणारे पाच जण, पण जाहिरात दिसली एकाला. पक्षांनी दिलेली कारणं जरूर वाचा. दोन वेगवेगळ्या उमेदवारांसाठी शब्दन् शब्द तेच कारण दिसलं, तर त्यावरून पक्षाची पारख होते.

टप्पा ६: सभागृहात काय केलं?

हे फक्त आधी विधायक राहिलेल्यांसाठी. मध्य प्रदेश विधानसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं आणि कार्यवाही मिळते. विधायकाच्या नावानं शोधत बसा. चहा लागेल.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताला लेखी उत्तर येतं. आकडा मोजून थांबू नका. जिल्ह्यातल्या शाळांची यादी मागणारे दहा प्रश्न आणि 'अमुक शाळेची इमारत मंजूर होऊनही काम का थांबलं' असा एक, यात मी दुसऱ्याला जास्त मार्क देतो. उत्तरात 'जानकारी एकत्रित की जा रही है' हे वाक्य वारंवार भेटेल. अशा उत्तरानंतर विधायकानं पुढच्या सत्रात तोच विषय परत काढला का? माझ्या लेखी खरी परीक्षा हीच.

> सावध: मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यामुळे मंत्री राहिलेल्याच्या नावासमोर शून्य प्रश्न पाहून 'पाच वर्षं झोपला होता' असा निष्कर्ष काढू नका. आम्ही काढला होता! त्यांचं खातं आणि त्यांनी मांडलेली विधेयकं बघा, विरोधकांना दिलेली उत्तरं बघा. अध्यक्षपदी बसलेल्यालाही प्रश्नांच्या आकड्यानं मोजता येत नाही.

पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्याचं काय? पार्षद होता तर निगम परिषदेत बजेटवर काय बोलला ते जुन्या स्थानिक बातम्यांत शोधा. कुठलंच पद नसेल, तर त्यानं एखादं सार्वजनिक काम शेवटपर्यंत नेलं आहे का ते बघा, सरकारी कार्यालयात चार चकरा मारून, लेखी पाठपुरावा करून. भंडारा, कथा, कावडयात्रा यांचं आयोजन ही व्यवस्थापनाची हुशारी आहे, नाही म्हणत नाही. फक्त त्या मांडवाचं बिल कोण भरतं, हे विचारायला हरकत नाही.

आणि पक्षांतराचा इतिहास. मार्च २०२० मध्ये २२ विधायकांनी राजीनामे दिले, सरकार गेलं, आणि नोव्हेंबरमध्ये २८ जागांवर पोटनिवडणूक झाली. त्यात आपल्या जिल्ह्यातली सांवेर होती. पक्ष बदलला म्हणून माणूस आपोआप नालायक ठरत नाही, सांवेरच्या मतदारांनी त्याच प्रतिनिधीला परत निवडलं. पण उमेदवारानं पूर्वी पक्ष सोडला असेल, तर तेव्हा दिलेलं कारण आणि आजचं बोलणं जुळतं का ते ताडून बघा.

टप्पा ७: समोर आल्यावर

प्रचारात उमेदवार तुमच्या दारात दीड मिनिट उभा असतो. मागे ढोल, पुढे हार, बाजूला व्हिडिओ काढणारा पोरगा. तेवढ्यात एकच प्रश्न होतो. म्हणून गटानं प्रश्न वाटून घ्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी विचारा. आम्ही हे चार ठरवले होते:

- निवडून आलात तर सभागृहातला तुमचा पहिला प्रश्न कोणत्या खात्याला असेल?
- पक्षाची भूमिका आणि आपल्या भागाचं हित आमनेसामने आलं तर काय कराल? याआधी असं कधी झालंय?
- शपथपत्रातली अमुक ओळ समजली नाही, जरा सांगता का?
- कोणतं काम तुमच्याकडून होणार नाही?

चौथा प्रश्न आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं सुचवला, आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला. त्यांनी एकाला विचारलं, "भैया, यह बताइए, कौनसा काम आपसे नहीं होगा?" तो हसला, म्हणाला, "माताजी, सब होगा." दुसऱ्या पक्षाचा होता तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाली का काम पार्षद का है, मैं फोन कर दूँगा, पर वादा नहीं करूँगा." बाईंनी घरी येऊन वहीत त्याच्या नावापुढे एक टिंब काढलं.

प्रश्न हिंदीतच विचारा. मराठीत विचारलात की उमेदवार पुरणपोळीवर बोलायला लागतो आणि दीड मिनिट तिथंच संपतं.

> तपासा: साडी, रोकड, कूपन, फुकट यात्रा यातलं काही मत मागण्यासाठी आलं, तर तो गुन्हा आहे, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. फोटो काढून आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर तक्रार करता येते.

टप्पा ८: ठरवायची वेळ

प्रचार मतदान संपण्याच्या ४८ तास आधी थांबतो. त्या शांततेत बसा. सगळ्यांना दहापैकी मार्क द्यायच्या भानगडीत पडू नका, आम्ही तक्ता केला आणि दशांशावरून भांडलो. त्याऐवजी आधी नकाराची रेघ ओढा: कोणती एक गोष्ट आढळली तर नाव बाद? माझी रेघ म्हणजे हिशेब न लागणारी मालमत्ता आणि त्याबद्दल विचारल्यावर आलेली टाळाटाळ. तुमची वेगळी असेल. उरलेल्यांत टप्पा १ चा कागद काढा आणि 'राज्य' लिहिलेल्या ओळींवर कोण काही ठोस बोललं ते पाहा.

कुणीच उरलं नाही तर नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण आहे, पण त्याचा अर्थ समजून दाबा. २०२४ च्या लोकसभेला एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि इंदूरमध्ये २,१८,६७४ मतं नोटाला पडली, देशातला विक्रम. निकालावर परिणाम? शून्य. नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांत ज्याला जास्त तो निवडून येतो. नाराजी नोंदवायला नोटा ठीक आहे. निवडणूक परत होईल या भरवशावर दाबू नका.

टप्पा ९: शाई वाळल्यावर

निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. मध्य प्रदेशात विधानसभेसाठी मर्यादा ४० लाखांची आहे. तो हिशेब कुणालाही एक रुपया फी भरून जिल्हा निवडणूक कार्यालयात पाहता येतो. तुमच्या भागातल्या सभेला किती खुर्च्या होत्या ते तुम्ही मोजलं असेल, तर कागदावर किती लिहिल्या आहेत ते पडताळायला मजा येते.

निवडणुकीतच काही गंभीर गैरप्रकार झाला असेल, तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. हा हक्क हरलेल्या उमेदवाराइतकाच मतदारालाही आहे. मुदत टळली की संपलं, तेव्हा वकिलाला पहिल्या आठवड्यातच गाठा.

बाकी सगळे कागद, म्हणजे शपथपत्रं, तक्रारींची यादी आणि चार प्रश्नांची उत्तरं, एका फाइलीत घाला. आमची फाइल रामबागेतल्या त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये विजेच्या बिलांखाली आहे. दर सत्र संपलं की कुणीतरी एक जण संकेतस्थळ उघडतो, आपल्या विधायकाचे प्रश्न छापतो आणि त्यात टाकतो. गेल्या वेळी पाळी माझी होती, प्रिंटरची शाई संपली म्हणून अजून राहिलंय.